आवाजाची मालकी
(गागोदे बुद्रुक येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या गावात बोलायला उभे राहिले की विनोबांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते इथे जन्मले. मी आज त्यांच्या आईपासून सुरुवात करते. रुक्मिणीबाई गात असत. हातातली कामे चालू असताना तोंडाने अभंग चालू. आवाज गोड होता आणि त्या गाण्यात इतक्या रंगून जात की कधी स्वयंपाकात मीठ दुसऱ्यांदा पडायचे, ही आठवण विनोबांनीच सांगून ठेवली आहे. गीता आपल्याला मराठीत कळावी ही या माउलीची इच्छा. १९१८ साली त्या गेल्या. विनोबांनी गीता मराठीत आणली, ती 'गीताई' छापून आली १९३२ साली. मुलाचे शब्द आज महाराष्ट्रात घरोघर आहेत. आईचा आवाज मात्र कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, त्या काळी आवाज साठवायची सोय कुठे होती? सोय होती. १९०२ पासून आपल्या देशात गाणे तबकडीवर उतरत होते. रुक्मिणीबाई गेल्या तेव्हा त्याला सोळा वर्षे झाली होती. म्हणून मला आज विचारायचे आहे ते एवढेच: कोणत्या बाईचा आवाज तबकडीवर गेला, कोणाचा गेला नाही आणि ज्यांचा गेला त्यांना त्या आवाजाचे मोल काय मिळाले? हे विचारताना मी तुम्हांला थोडे अमेरिकेला नेणार आहे आणि बरेचसे गोव्यातल्या केरी गावाला.

आधी अमेरिका. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये एक गाणे रुजले. त्याला ब्लूज म्हणतात. कापसाच्या शेतातले कष्ट, सोडून गेलेला नवरा, पूर, तुरुंग, उधारी हे त्याचे विषय. रचना अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. जात्यावर बसलेल्या बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तीही एक ओळ घोळवते, पुन्हा घोळवते आणि मग पुढच्या ओळीत आपल्या मनातले सांगून टाकते.

कृष्णवर्णीय माणसे रेकॉर्डी विकत घेतील यावर तिथल्या कंपन्यांचा विश्वासच नव्हता. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यू यॉर्कमध्ये मेमी स्मिथ या गायिकेने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायले आणि ती तबकडी धडाक्याने खपली. एका रात्रीत कंपन्यांना शहाणपण आले. गायिकांचा शोध सुरू झाला. मा रेनी १९२३ साली पॅरामाउंट कंपनीसाठी गायला लागल्या. ही पॅरामाउंट मूळची कोण, तर खुर्च्या-फर्निचर करणाऱ्या कारखान्याची शाखा! ग्रामोफोनची लाकडी कपाटे खपावीत म्हणून मालकांनी रेकॉर्डी काढल्या. एका थोर गायिकेचे गाणे कपाटाच्या जोडीला विकले जात होते, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, टेनेसीतल्या चॅटनुगा गावची बेसी स्मिथ कोलंबिया कंपनीच्या खोलीत उभी राहिली. आईबाप लहानपणीच गेलेले, रस्त्यावर गाऊन पैसे मिळवलेले. तिची पहिली तबकडी लाखांनी खपली. पुढच्या दहा वर्षांत तिने कोलंबियासाठी सुमारे १६० गाणी गायली. लोक तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणू लागले. गोऱ्यांच्या डब्यात बसायची बंदी आणि गोऱ्यांच्या हॉटेलात उतरायची बंदी. तेव्हा तिने फिरतीसाठी स्वतःचा रेल्वेचा डबाच करून घेतला. एवढी मिळकत तिची होती. पण ती आली कुठून? तंबूतल्या आणि थिएटरातल्या खेळांतून. तबकडीचे तिला दर बाजूला ठरावीक डॉलर मिळाले. सुरुवातीचा दर १२५ होता. खपावर मिळणाऱ्या हिश्श्याचे कलम करारातून खोडलेले होते. तबकडी हजार खपो की लाख खपो, बेसीला त्यातले पुढे काही मिळायचे नाही. १९३७ साली मोटारीच्या अपघातात ती गेली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९७० साली, तेहतीस वर्षांनी. मधल्या सगळ्या काळात तिच्या तबकड्या वाजत होत्या.

आता आपल्याकडे येऊ. पहिल्या मोठ्या रेकॉर्ड-गायिकेचे नाव गौहर जान. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गेसबर्ग या साहेबाने तिचे गाणे भरले. तिने मागितलेली रक्कम होती तीन हजार रुपये. त्या काळातले तीन हजार! काही लोक याला नखरा म्हणतात. मला तो हिशेब वाटतो. आपला गळा म्हणजे आपली शेती हे त्या बाईने पुरते ओळखले होते.

हे गाणे भरत कसे, ते जरा सांगते. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. तो १९२५ नंतर आला. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असे. बाईने त्या कर्ण्यात जवळजवळ डोके घालून गायचे. सारंगी, तबला थोडे मागे. सूर वर चढला की मागे सरकायचे, खालचा सूर आला की पुन्हा पुढे. पलीकडच्या खोलीत मेणाची जाड चकती फिरत असे आणि सुई तिच्यात रेघ ओढत असे. तीन-साडेतीन मिनिटे संपली की गाणे संपवायचे, मग राग कोणताही असो. चूक झाली तर ते मेण वाया आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्या गायिकेला एक राग उलगडायला तास लागे, तिला तो मुठीएवढा करून द्यावा लागे. आणि शेवटी आपले नाव मोठ्याने पुकारायचे. कारण ही मेणे जर्मनीत हानोव्हरला जात. तिथल्या कामगारांना कोण कोण गायले ते कळावे कसे? आज जुनी तबकडी लावली की गाण्याच्या टोकाला बाईचा ठसकेबाज आवाज येतो, इंग्रजीत स्वतःचे नाव सांगणारा. ज्या घरांतल्या बायकांना समाज नावाने नव्हे तर धंद्याने ओळखत होता, त्यांनी स्वतःचे नाव स्वतः उच्चारले आणि ते टिकले. तबकडीने दिलेली ही एक गोष्ट कोणी नाकारू नये.

मराठी मुलखात पुण्याच्या सुंदराबाई जाधवांचे नाव या पिढीत अगदी पुढे आहे. ठुमरी, गझल, लावणी, भजन, सगळ्यांत त्यांचा गळा फिरे. रेकॉर्डींनी त्यांना घरोघर नेले. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यातल्या पदांच्या अनेक चाली सुंदराबाईंनी दिलेल्या. नाटककार गडकरी तोवर गेले होते, पदे गुर्जरांची, आणि नायिका सिंधू रंगवली बालगंधर्वांनी. दारुड्या नवऱ्याच्या पायी झिजणाऱ्या बाईचे दुःख आपण शंभर वर्षे ऐकत आहोत. ते दुःख ज्या सुरांत बांधले गेले ते सूर एका बाईच्या गळ्यातून आलेले होते. लोकांच्या तोंडी राहिले ते मात्र बालगंधर्वांचे नाव. बालगंधर्वांचे मोठेपण यात कमी होत नाही. पण सुंदराबाईंचे नाव त्या पदांबरोबर घेतले गेले पाहिजे, आणि ते मी आज या व्यासपीठावरून घेते. त्यांना पाहायचे असेल तर व्ही. शांताराम यांचा १९३९ चा 'माणूस' हा चित्रपट पाहा. त्यात नायकाची आई त्या आहेत.

आणि आता केरी. गोव्याच्या फोंडा तालुक्यातले हे गाव. १३ जुलै १८९२ रोजी तिथे गायिका केसरबाई केरकर जन्मल्या. म्हणजे विनोबांपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. घराणे देवळाच्या सेवेत गाणे-नाचणे करणाऱ्या कलावंतांचे. हाच समाज पुढे गोमंतक मराठा समाज म्हणून संघटित झाला. अशा घरातल्या मुलीला गाणे शिकता येई, आणि गाणे शिकली म्हणूनच तिला प्रतिष्ठेच्या घरात पाऊल टाकता येत नसे. या कोंडीतून सुटायला केसरबाईंना एकच वाट दिसली: इतके अस्सल गायचे की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी.

आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर वझेबुवांकडे. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले. तालमी सुरू व्हायच्या आणि तुटायच्या. गुरू गाव सोडून जायचे आणि शिष्या तिथेच राहायची. अखेर १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी गंडा बांधला. केसरबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, म्हणजे मैफली गाजवायच्या वयाच्या. त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सूर लावायला घेतला. खाँसाहेबांची गायकी म्हणजे अनवट राग, वळणावळणाने जाणारी तान, लयीच्या एकेका मात्रेला धरून चालणारा आलाप. ती अंगात मुरायला वर्षे गेली. खाँसाहेब १९४६ साली गेले तोवर त्या त्यांच्या शिष्या राहिल्या.

त्यांचा आवाज ऐकला नसेल तर घरी जाऊन जरूर ऐका. रुंद, मोकळा, भरीव आकार. वरच्या सप्तकात गेला तरी बारीक होत नाही. ललिता गौरी, नट कामोद, कुकुभ बिलावल यांच्या त्यांच्या तबकड्या आहेत. नट कामोदाची तीन मिनिटे ऐकताना माझे लक्ष नेहमी एका गोष्टीकडे जाते. गाणे आखूड आहे म्हणून घाई कुठेही नाही. तान येते ती पूर्ण वळण घेऊन येते, समेवर येताना दम शिल्लक असतो. त्यांनी राग चिरडून लहान केलेला नाही. मोठ्या वाड्याची एकच खोली उघडून दाखवावी तसा त्याचा एक भाग नीट, सावकाश दाखवला आहे.

एवढे जमत असूनही या बाईंनी तबकड्या मोजक्याच केल्या. ब्रॉडकास्ट आणि एच.एम.व्ही. या कंपन्यांसाठी काही गायल्या आणि मग हात आखडला. आकाशवाणीशीही त्यांचे जमले नाही असे जुने जाणकार सांगतात. त्यांचे गाणे पानाच्या दुकानात, हॉटेलात, कुणी चहा पीत असताना, कुणी भांडत असताना वाजावे हे त्यांना खपत नव्हते अशी आख्यायिका आहे. मैफलीची त्यांची बिदागी जबर असे. शिकवायलाही त्या सहज राजी होत नसत; धोंडूताई कुलकर्णींना त्यांनी शिष्या म्हणून स्वीकारले, तेवढेच. मुलीला त्यांनी गाण्यात आणले नाही. मुलगी डॉक्टर झाली.

या सगळ्याला लोक अहंकार म्हणत आले. 'बाई फार मानी', 'बाई फार तिखट', अशा गोष्टी गाण्याच्या वर्तुळात चघळल्या जातात. मला या शब्दांचा राग येतो. बेसी स्मिथचा करार डोळ्यांसमोर आणा आणि मग केसरबाईंकडे पाहा. ज्या बाईच्या आज्या-पणज्यांचे गाणे देवळाचे, जमीनदाराचे, शेटजींचे, सगळ्यांचे होते, फक्त गाणारणीचे नव्हते, तिने ठरवले की माझा गळा कुठे वाजेल, किती वाजेल आणि किती रुपयांना वाजेल ते मी ठरवणार. मुलीला डॉक्टर करणे हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. पुरुष गवयांनी आपली विद्या लपवली, चिजा चोरून ठेवल्या, मुलाशिवाय कुणाला दिल्या नाहीत, तर त्याला घराण्याची शिस्त म्हणतात. बाईने तेच केले की ती तिखट!

समाजाने शेवटी मान खाली घातली हेही खरे. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी 'सूरश्री' पदवी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. १९६९ साली पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्यगायिका केले. केरीला त्यांचे घर होते त्या जागी आज त्यांच्या नावाची शाळा आहे.

पण याची दुसरी बाजू मी झाकून ठेवणार नाही, विशेषतः या गावात. केसरबाईंच्या मैफली कुठे होत? मुंबईत, कलकत्त्यात, संस्थानांत, धनिकांच्या दिवाणखान्यांत. पेण-रोह्याच्या खेड्यात त्यांची मैफल व्हायची नव्हती. शेतात राबणाऱ्या माणसापर्यंत पोचायला तबकडीशिवाय वाट नव्हती, आणि तीच वाट त्यांनी अरुंद ठेवली. हिराबाई बडोदेकरांनी नेमके उलटे केले. मिरजेला १९०५ साली जन्मलेल्या हिराबाईंनी तिकीट लावून जलसे केले, रेकॉर्डी भरभरून काढल्या, भावगीते गायली, आणि भल्या घरच्या बायकांना गाणे ऐकायला आणि गायला मोकळीक मिळवून दिली. तुमच्या आजीने लहानपणी ग्रामोफोनवर एखादी गायिका ऐकली असेल तर ती हिराबाईच असण्याचा संभव जास्त. दोघींपैकी कोण बरोबर? मी केसरबाईंच्या बाजूची आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. तरीही हिराबाई नसत्या तर केसरबाईंचे नाव ओळखणारे श्रोते एवढे झाले नसते, असे मला मनापासून वाटते.

आणि पुढे जे घडले ते कुणाच्याच हिशेबात नव्हते. १९७७ साली अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात पाठवली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी. पृथ्वीवर कोण राहते ते दूरच्या कुणाला कळावे म्हणून तिच्यावर जगभरच्या संगीताचे २७ नमुने घेतले. भारताकडून घेतले ते केसरबाईंचे भैरवीतले 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांचे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ते सुचवले. पण तबकडी मिळेना. या कामात असलेल्या अ‍ॅन ड्रुयान न्यू यॉर्कभर हिंडल्या. शेवटी लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचे विजेच्या वस्तूंचे दुकान होते, तिथे मागच्या बाजूला एका घडीच्या टेबलाखाली न खपलेले एक खोके पडले होते. त्यात त्या रेकॉर्डच्या तीन प्रती निघाल्या. दुकानात आपले गाणे वाजू नये असे म्हणणाऱ्या बाईचे गाणे दुकानातच सापडले, आणि तेही टेबलाखाली.

त्याच सोनेरी तबकडीवर ब्लूजही आहे. आंधळ्या विली जॉन्सनचे १९२७ सालचे गाणे, ज्यात शब्दच नाहीत. नुसते कण्हणे, गुणगुणणे आणि गिटार. कोलंबिया कंपनीचेच. हा माणूस १९४५ साली जळालेल्या घराच्या राखेजवळ दारिद्र्यात मेला. केरीची केसरबाई आणि टेक्ससचा विली शेजारी शेजारी चालले आहेत. ब्लूज गाणारी बाई मात्र त्या २७ नमुन्यांत एकही नाही. मेमी स्मिथ नाही, मा रेनी नाही, बेसीही नाही. ज्या बायकांनी ते गाणे बाजारात उभे केले, त्यांना निवडताना वगळले गेले.

दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

आता मी आपल्या भागाकडे येते, कारण इथे करण्यासारखे काम शिल्लक आहे. ब्लूज म्हणजे राबणाऱ्या बाईचे गाणे असेल, तर रायगड जिल्ह्यात ते मैफलीत नव्हते. ते जात्यावर होते, लावणीच्या खाचरात होते, गौरीच्या फेरात होते आणि लग्नाच्या मांडवात होते. आपल्या आगरी समाजात धवलारीण असते. लग्नात धवले म्हणणारी, विधी चालवणारी. भटजींच्या बरोबरीचा तिचा मान. तासन्‌तास चालणारी गाणी तिला पाठ असतात. केसरबाईंच्या तालमीला आपण विद्या म्हणतो. हिच्या पाठांतराला विद्या म्हणायला आपली जीभ का अडखळते? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आणि बायकांची नावे, गावे सोबत नोंदवली. ज्या बाईची ओवी, तिचे नाव. एवढे केले म्हणून ते काम मोठे.

तुम्हा प्रत्येकाच्या खिशात आज गेसबर्ग साहेबाच्या सगळ्या यंत्रांपेक्षा चांगले यंत्र आहे. तीन मिनिटांची मर्यादा नाही, मेण वाया जायची भीती नाही. लग्नात धवला चालू असताना आपण डीजे लावतो आणि म्हातारी मध्येच थांबते. तिला थांबवू नका. येत्या लग्नसराईच्या आधी आपापल्या वाडीतल्या धवलारणीकडे, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजीकडे जा. आधी विचारा: 'आजी, भरून घेऊ का?' ती नको म्हणाली तर ते ऐका. केसरबाईंचाही तो हक्क होता. हो म्हणाली तर अडवू नका, पूर्ण गाऊ द्या. गाण्याच्या शेवटी तिला तिचे नाव, माहेरचे नाव आणि गाव तिच्याच तोंडून सांगायला लावा. त्याची एक प्रत तिच्या घरी ठेवा. ते कुणी वापरले, त्यातून पैसे आले, तर त्यातला वाटा तिचा आहे हे लिहून ठेवा. आणि घराच्या माळ्यावर जुन्या तबकड्या पडल्या असतील तर भंगारात देऊ नका. त्या कोणाच्या आहेत ते आधी वाचा. हे काम शाळेतल्या मुलींनी हातात घेतले तर फार चांगले. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर भाषणाऐवजी त्या आज्यांना बोलवा, त्यांना मानधन द्या, आणि आम्हां बोलणाऱ्यांना समोर बसवा.